रानपिंगळा आणि जनरल रजिस्टर

संगणकावर आवाजांच्या फायली नीट लावून ठेवणं हा काय लिहायचा विषय आहे का, असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. आमच्या नात्यातली मंडळी तर नक्कीच म्हणतील. तारकर्लीला राहून समुद्रावर लिहायचं सोडून बाई फोल्डर आणि फायलींवर काय लिहितायत! पण मंडळी, गेल्या काही दिवसांत या विषयामागचा इतिहास वाचत गेले, आणि तो इतका रंजक निघाला, शिवाय आपल्या महाराष्ट्राशी इतका जवळून जोडलेला निघाला, की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आधी थोडं माझ्याबद्दल, नव्या वाचकांसाठी. निवृत्तीनंतर २०१० सालापासून मी आमच्या वाडीतले, खाडीकाठचे, अधूनमधून आंबोलीचे पक्षी, बेडूक आणि रातकिडे यांचे आवाज एका लहानशा रेकॉर्डरवर टिपत आले आहे. आजमितीला अकराशेच्या वर फायली आहेत. मी काही पक्षीतज्ज्ञ नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि आयुष्यभर व्याकरण शिकवलं. पण पंचाहत्तरी आल्यावर एक प्रश्न पडायला लागतो. माझ्यामागे ही मालमत्ता कोणी उघडली, तर त्याला तिचा काही अर्थ लागेल का? अकराशे फायली म्हणजे अकराशे आवाज, की नुसतीच किरकिर?

आपल्या लोकांनी पक्ष्यांचे आवाज फार पूर्वीपासून साठवून ठेवलेत, फक्त यंत्रात नाही तर शब्दांत. पावशा 'पेरते व्हा' म्हणतो हे कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतं. टिटवीचं नाव तर तिच्या ओरडण्यातूनच आलं. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा टुक-टुक करणारा तो तांबट. पहाटेच्या अंधारात दारावर येऊन भविष्य सांगणारा पिंगळा पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते असं सांगायचा, आणि आम्ही लहानपणी त्यावर पूर्ण विश्वास ठेवायचो. मारुती चितमपल्ली (ते जून २०२५ मध्ये गेले) यांनी 'पक्षीकोशा'त अशी कितीतरी नावं गोळा करून ठेवली आहेत. पण या शब्दांच्या साठवणीत एक गोष्ट नसते. तो आवाज नेमका कुठल्या दिवशी, कुठल्या गावात, कोणी ऐकला, ते कळत नाही. पावशा सगळ्यांचा आणि नेहमीचाच असतो.

यंत्रात पकडलेला पक्ष्याचा आवाज पहिल्यांदा मिळतो तो १८८९ सालचा. जर्मनीतल्या लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला वडिलांनी एडिसनचा फोनोग्राफ आणून दिला होता. त्यावर मेणाच्या नळकांड्यात त्यानं आपल्या पाळलेल्या पक्ष्याचं गाणं उतरवलं. पक्ष्याच्या गाण्याचं आज माहीत असलेलं हे सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण. आणि गंमत म्हणजे तो पक्षी होता शामा, आपल्या सह्याद्रीच्या दाट रानातही राहणारा! पुढे हाच कॉख १९३६ साली जर्मनी सोडून इंग्लंडला गेला आणि तिथे पक्ष्यांच्या आवाजांचा माणूस म्हणून घराघरांत ओळखला गेला. पण ते मुद्रण नुसतं ऐकून, तो शामा मुळात कुठल्या जंगलातून पकडून आणला होता, हे काही कळत नाही. आवाज उरला, गाव हरवलं.

आवाजाबरोबर त्याची ओळखही मुद्रित करण्याची युक्ती आपल्याकडे लवकर वापरली गेली, ती पक्ष्यांसाठी नव्हे तर गाण्यासाठी. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्याला गौहर जान यांच्या तबकड्या मुद्रित केल्या. त्या तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना भारतीय गायिकांची नावं कुठून कळणार? म्हणून गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायच्या. आज आपल्याला तो थाट वाटतो, पण कामाच्या दृष्टीनं ती चिठ्ठी होती. कागदाची चिठ्ठी निघून पडते, आवाजात मिसळलेली चिठ्ठी पडत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती आवाजाची नाही, चिठ्ठीची आहे.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात शिकवलं. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न. पण हा माणूस त्या काळातला हिंदुस्थानातला सर्वांत मोठा पक्षी-अभ्यासक होता, हे धड्यात नव्हतं. १८७३ साली त्यानं एका लहान घुबडाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. नमुना मध्य हिंदुस्थानच्या रानातून ब्लुइट नावाच्या गृहस्थानं पाठवला होता, म्हणून जातीला नाव दिलं ब्लुइटी. हाच आपला रानपिंगळा. नेहमीच्या पिंगळ्याचा भाऊच दिसतो, पण अंगावरचे ठिपके कमी आणि राहणं जंगलातलं.

ह्यूमचं पुढे काय झालं ते प्रत्येक संगणकवाल्यानं वाचावं. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी त्यानं पंचवीसेक वर्षं टिपणं जमवली होती. १८८५ च्या सुमारास सिमल्याच्या घरातून ती हस्तलिखितं गेली. नोकरानं ती बाजारात रद्दी म्हणून विकली होती. दुसरी प्रत नव्हती. ह्यूमचं मनच उडालं. त्यानं आपला सुमारे ८० हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि तो ग्रंथ कधीच झाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. काँग्रेसचा लाभ झाला हे खरं, पण पंचवीस वर्षांची टिपणं पुड्या बांधायच्या कामी गेली.

रानपिंगळ्याचे नमुने मिळाले ते अगदी मोजके, आणि खरा म्हणावा असा शेवटचा १८८४ सालचा. त्यातले काही जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्यानं आपल्या खानदेशात गोळा केलेले. मेलेल्या पक्ष्याच्या पायाला एक छोटी चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली असते. तीवर जात, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. संग्रहालयात त्या पक्ष्याची सगळी किंमत त्या चिठ्ठीत असते.

पुढे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या प्रसिद्ध पक्षी-संग्राहकाच्या संग्रहात एक रानपिंगळा निघाला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, गुजरात, १९१४. म्हणजे १८८४ नंतरही तो पक्षी दिसला होता, आणि तोही गुजरातेत! लोकांनी ते खरं धरलं, कारण चिठ्ठी खोटी असेल असं कोणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. नंतर नावाजलेल्या जाणकारांनी शोध घेतला, तरी रानपिंगळा कुठेच सापडेना. तो नामशेष झाला असावा, असं मानलं जाऊ लागलं.

नव्वदीच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंना त्या कर्नलच्या संग्रहाबद्दल शंका आली. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी जुने नमुने बारकाईनं तपासले, क्ष-किरण चित्रं काढली. कर्नलचा तो रानपिंगळा म्हणजे डेव्हिडसनचाच नमुना होता. म्युझियममधून चोरलेला, पुन्हा भरून शिवलेला, आणि पायाला नवी खोटी चिठ्ठी बांधलेला. १९९९ साली त्यांनी हे सगळं पुराव्यानिशी छापलं. त्याआधीच रासमुसेनबाईंनी मांडवीचा नाद सोडला आणि ज्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या त्या गावांचा माग काढला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत असताना, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

डेव्हिडसनला आपल्या चिठ्ठ्यांचं पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त गावाचं नाव खरं लिहिलं. एका खोट्या चिठ्ठीनं शोधणाऱ्यांना भलत्या वाटेला लावलं आणि काही खऱ्या चिठ्ठ्यांनी एका पक्ष्याला पुन्हा जिवंतांच्या यादीत आणलं.

आवाज आला तो यानंतर. १९९९ मध्येच रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी रानपिंगळ्याच्या आवाजाचा आणि वागणुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपला घरचा पिंगळा कचाकचा भांडतो. रानपिंगळ्याची साद मानानं मऊ. आवाज माहीत झाल्यावर शोधणाऱ्यांना डोळ्यांबरोबर कानही मिळाले. मेळघाटात तो सापडला, आणि २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात.

हे सगळं वाचून मी माझ्या फायलींकडे पुन्हा पाहिलं, आणि मास्तरकीच आठवली. शाळेत मूल दाखल झालं की जनरल रजिस्टरमध्ये त्याला एक नंबर मिळतो. मूल पाचवीतून दहावीत जाईल, तुकडी बदलेल, मुलीचं लग्नानंतर नाव बदलेल, पण रजिस्टरमधला नंबर बदलत नाही. चाळीस वर्षांनी कोणी दाखल्याची नक्कल मागायला आलं, तर आम्ही नंबरावरूनच शोधतो. फायलींचंही अगदी तसंच करावं. पक्ष्यांची शास्त्रीय नावं बदलतात. ह्यूमनं रानपिंगळ्याला स्वतंत्र प्रजातीत घातलं, पुढे तो पिंगळ्याच्या प्रजातीत गेला, आणि त्यावर अजूनही वाद चालतात. गावच्या बोलीत तर वेगळंच. भारद्वाजाला आमच्याकडे कुकुडकोंबा म्हणतात. नावावर फाइल टांगली तर नाव बदललं की फाइल हरवली. जगातले मोठे संग्रहही नंबरावरच चालतात. २००५ साली नेदरलँड्समध्ये बॉब प्लांके आणि विलेम-पियर व्हेलिंगा यांनी सुरू केलेल्या झेनो-कॅंटो या संग्रहात प्रत्येक आवाजाला कायमचा क्रमांक असतो, शिवाय तारीख, वेळ, ठिकाण आणि टिपणाऱ्याचं नाव. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं १९२९ पासूनचे जुने आवाज संगणकात आणले, २०१३ पर्यंत सुमारे दीड लाख! नंबर आणि नोंदी धड नसत्या तर ते नुसतं फितींचं गोदाम झालं असतं.

ठिकाणाचंही तसंच. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी आहे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. रानपिंगळा सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, पुढच्याच वर्षी ते नंदुरबार जिल्ह्यात गेलं. पक्षी जागचा हलला नाही, जिल्हा हलला! म्हणून मी गाव, वाडी आणि अक्षांश-रेखांश लिहिते. जिल्हा सगळ्यात शेवटी.

माझ्या भाच्यानं विचारलं, "मावशी, फोल्डर पक्ष्यांच्या नावानं का नाही करत? दयाळचा एक, हळद्याचा एक." कारण पहाटेच्या एका फायलीत दयाळ असतो, मागे कोकीळ, त्याच्याही मागे कोंबडा आणि समुद्र. ती फाइल कुठल्या फोल्डरात घालणार? म्हणून फोल्डर वर्षाचे आणि महिन्याचे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ, मग गाव, शेवटी नंबर. वर्ष आधी लिहिलं की संगणक आपोआप ओळीनं लावतो. कोणकोण ओरडतंय ते तक्त्यात, नंबरासमोर. खात्री नसेल तिथे 'बहुधा' लिहायचं, आणि अजिबात कळलं नाही तर 'अनोळखी'. 'अनोळखी' लिहायला लाजू नये. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा ते शंभरपट बरं. कर्नलची गोष्ट आठवावी.

आता फोनच पक्ष्याचं नाव सांगतो, मग एवढा खटाटोप कशाला, असंही काही जण म्हणतात. कॉर्नेलवाल्यांनी २०२१ मध्ये मर्लिनमध्ये ती सोय आणली, आणि मीही ती वापरते. पण फोन सांगतो तो अंदाज असतो. आणि पक्ष्याचं नाव उद्याही सांगता येईल, परवाही. तो आवाज कुठल्या पहाटे, कुठल्या वाडीत टिपला, हे मात्र मागाहून कुठलंही यंत्र ऐकून सांगू शकणार नाही. ते त्या पहाटे तिथे असलेल्या माणसानंच लिहायचं.

मूळ फाइलला मी हात लावत नाही. वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी जागा खाते, एमपी-थ्री १ एमबीत बसते. पण एमपी-थ्री करताना आपल्या कानाला जे जाणवणार नाही ते गाळलं जातं, आणि गाळलेलं परत येत नाही. आपल्या कानाला नको असलेलं उद्या एखाद्या अभ्यासकाला हवं असेल. म्हणून मूळ ती मूळ. ऐकवायला कापलेली प्रत वेगळी, तिच्या नावात 'प्रत' हा शब्द. आणि सगळ्याच्या तीन प्रती. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक मुलीकडे पुण्याला. आमच्या खाऱ्या, दमट हवेत सीडींवर बुरशी धरते, डिस्कचाही भरवसा नाही. ह्यूमची तर एकच प्रत होती.

शेवटी अशा एका गोष्टीबद्दल सांगते, जी फक्त घरच्यांना माहीत आहे. पहिली आठ-नऊ वर्षं माझ्यासोबत हे यायचे. अंधारात मला घड्याळ दिसायचं नाही, म्हणून मुद्रण संपता संपता हेच बोलायचे: "तारकर्ली, मागची वाडी, पहाटे पाच वीस, वारा नाही." २०१९ मध्ये हे गेले. परवा एका पाहुण्या मुलानं आपुलकीनं सांगितलं, की शेवटचं बोलणं कापून टाका, आवाज स्वच्छ होईल. त्याला काय सांगू? ते बोलणं कापलं तर पिंगळा उरेल, पण पाच वीस जातील, मागची वाडी जाईल. आणि हेही जातील, हे वेगळं सांगायला नकोच.

ज्या आंब्याच्या ढोलीत तो पिंगळा राहायचा, तो आंबा मे २०२१ च्या तौक्ते वादळात आडवा झाला. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला खाडीपलीकडे चिपी विमानतळ सुरू झाला, आणि त्यानंतरच्या काही फायलींत विमान आहे. देवबागेकडच्या होड्यांच्या इंजिनांचा आवाज २०१० च्या फायलींत किती आणि २०२३ च्या फायलींत किती, हे कोणीही ऐकून बघावं. गावाचा हा इतिहास कुठल्या बखरीत नाही. तो या फायलींत आहे, पण तारखा आहेत तोवरच. तारखा काढल्या की तो केवळ पिंगळा, केवळ इंजिन.

आमच्या शेजारच्या होडीवाल्याच्या मुलानं एकदा माझ्या संगणकावर एक फाइल ऐकली आणि विचारलं, "बाई, ह्यो आवाज खंयचो?" आवाज कसला, असं नाही विचारलं. कुठला, असं विचारलं. मला फार बरं वाटलं.

तर घरच्या मंडळींना एक विनंती. तक्त्याची छापील प्रत माझ्या कपाटात, शाळेच्या जुन्या कागदांशेजारी, लाल फायलीत आहे. संगणक बंद पडला तरी ती वाचता येईल. फायली कोणाला द्यायच्या झाल्या तर तक्त्यासकट द्या, तक्त्याशिवाय देऊ नका. नंबर ४१२ पुढे मी 'अनोळखी' लिहिलंय. ऑगस्ट २०१४, आंबोली, रात्री नऊ चाळीस, पाऊस नुकताच थांबलेला. दोनच मिनिटांची फाइल आहे. तो बेडूक की रातकिडा, मला आजवर कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला जाणकार माणूस भेटला तर अवश्य ऐकवा, आणि उत्तर मिळालं की तक्त्यात माझ्या अक्षराशेजारी लिहा. माझा 'अनोळखी' मात्र खोडू नका.